बॅकअपच्या वेळी सर्व्हरची मेमरी भरते: आधी कुठली मेमरी ते शोधा

लक्षणं ओळखीची आहेत. रात्री दोनला लिनक्स सर्व्हरवर बॅकअप सुरू होतो आणि सव्वादोनला मेमरी ९४ टक्क्यांवर गेल्याचा अलर्ट येतो. पहाटे बॅकअप संपतो, पण आकडा तिथेच. सकाळी कोणीतरी सर्व्हर रीस्टार्ट करतं, आकडा एकदम खाली येतो, तिकीट बंद होतं. रात्री पुन्हा अलर्ट. मग रॅम वाढवायचा प्रस्ताव येतो, रॅम दुप्पट होते, आणि तीही ९४ टक्के भरते.

रॅम दुप्पट करूनही टक्केवारी तीच राहत असेल, तर ती बहुधा पेज कॅशे (डिस्कवरून वाचलेल्या फाइलींची रॅममध्ये ठेवलेली प्रत) असते आणि तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. पण ‘बहुधा’वर विसंबून चालत नाही. फाइलींची कॅशे, कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) स्लॅब म्हणजे त्याने स्वतःच्या नोंदींसाठी घेतलेली मेमरी, टीएमपीएफएसवर (रॅममध्येच असलेल्या फाइल सिस्टमवर) पडलेला डेटाबेसचा डंप, डिस्कवर जायची वाट बघणारी डर्टी पानं (पान म्हणजे मेमरीचा छोटा ठरावीक तुकडा) आणि एखाद्या प्रोसेसने खरोखर घेतलेली मेमरी, या सगळ्यांचा आकडा मॉनिटरिंगच्या आलेखात एकसारखाच दिसतो. उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी अशी गत होते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. तपास बॅकअप चालू असतानाच करायचा. सकाळी लॉगिन केल्यावर पुरावा निम्मा पुसला गेलेला असतो. रात्री जागायचं नसेल तर क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी सेवा) सुरू होऊन दर अर्ध्या मिनिटाला /प्रोक/मेमइन्फो ही कर्नलच्या मेमरीच्या आकड्यांची फाइल आणि आरएसएसनुसार (प्रोसेसने रॅममध्ये प्रत्यक्ष व्यापलेली जागा) लावलेली पहिल्या दहा प्रोसेसेसची यादी एका फाइलीत वेळेसकट टाकत राहणारं छोटं शेल लूप पुरतं. सिसस्टॅट हे नोंदी ठेवणारं पॅकेज बसवलेलं असेल तर ‘सार -आर’ दुसऱ्या दिवशीही रात्रीचे आकडे देतो, पण तो साधारणपणे दर दहा मिनिटांनी नोंद करतो आणि ओओएम किलरचा (मेमरी संपली की प्रोसेस मारणारी कर्नलची यंत्रणा) खेळ त्यापेक्षा खूप लवकर आटोपतो.

फ्री नव्हे, अव्हेलेबल

‘फ्री -एम’ चालवा. १६ जीबीच्या सर्व्हरवर बॅकअपच्या मध्यावर साधारण असं चित्र दिसतं:

टोटल १५८८४, यूज्ड ४१२०, फ्री ३१०, शेअर्ड २२०, बफ/कॅशे ११४५४, अव्हेलेबल ११२००

फ्री ३१० एमबी बघून घाबरायला होतं. पण या सर्व्हरकडे नव्या कामासाठी ११ जीबी आहेत. बॅकअप म्हणजे डिस्कवरची जवळजवळ प्रत्येक फाइल एकदा वाचणं. लिनक्स वाचलेलं प्रत्येक पान रॅममध्ये ठेवून देतो, कारण रिकाम्या रॅमचा कुणालाच उपयोग नसतो. एखाद्या प्रोसेसने मेमरी मागितली की यातली स्वच्छ पानं कर्नल तिथल्या तिथे सोडतो. कोणी मागितलीच नाही तर सोडायचं कारणही नाही, म्हणून बॅकअप संपल्यावर आकडा खाली येत नाही. सकाळी आठलाही कॅशे तशीच असते, ही गळती नव्हे.

अव्हेलेबलचा आकडा कर्नल स्वतः काढतो. /प्रोक/मेमइन्फोमध्ये ‘मेमअव्हेलेबल’ ही ओळ २०१४ साली कर्नल ३.१४ मध्ये आली. त्याआधीच्या जुन्या मशीनवर ‘फ्री’च्या दुसऱ्या ओळीत ‘-/+ बफर्स/कॅशे’ असं दिसतं, तिथे त्या ओळीतला फ्रीचा आकडा बघायचा. आता मॉनिटरिंगचं सूत्र उघडून बघा. टोटल वजा फ्री असं काही असेल तर अलर्टच चुकीचा आहे, सर्व्हर नाही. सूत्र टोटल वजा अव्हेलेबल असं करा. मॉनिटरिंगसाठी नोड एक्स्पोर्टर वापरत असाल तर त्यात मेमअव्हेलेबलचं मेट्रिक तयार मिळतं.

इथे एक गंमत लक्षात ठेवा. ‘फ्री’ ज्या प्रोकपीएस-एनजी पॅकेजमधून येतो त्याच्या ४.० मालिकेपासून यूज्डचा आकडा टोटल वजा अव्हेलेबल असा काढला जातो. आधी तो टोटलमधून फ्री आणि बफ/कॅशे वजा करून निघायचा. म्हणजे ओएस अपग्रेड केल्यावर तोच सर्व्हर, तोच लोड, आणि यूज्ड वेगळा. अपग्रेडनंतर मेमरी वाढली अशी तक्रार आली तर हे आधी तपासा.

मग कॅशेने भरलेली मेमरी कधीच त्रास देत नाही का? देते, पण ते टक्केवारीवरून कळत नाही. कर्नल फाइलींची पानं दोन याद्यांत ठेवतो, सक्रिय आणि निष्क्रिय. एकदाच वाचलेलं पान निष्क्रिय यादीत राहतं आणि तिथूनच बाहेर पडतं. त्यामुळे बॅकअपने एकदा वाचलेल्या शेकडो जीबींनी डेटाबेसची रोज लागणारी पानं ढकलून देऊ नयेत, अशी योजना आहे. बहुतेक वेळा ती टिकते. पण बॅकअपचं साधन तीच फाइल दोनदा वाचत असेल, उदाहरणार्थ आधी चेकसमसाठी आणि मग कॉपीसाठी, तर ती पानं सक्रिय यादीत चढतात आणि गरम, म्हणजे वारंवार लागणाऱ्या, पानांना जागा सोडावी लागते. कर्नल ६.१ पासून मिळणाऱ्या एमजीएलआरयूची (सोडायची पानं ठरवण्याची नवी पद्धत) निवड सहसा अधिक नेमकी असते. तुमच्या वितरणात ते चालू आहे का, ते /सिस/कर्नल/एमएम/एलआरयू_जेन/एनेबल्ड या फाइलीत दिसतं.

त्रास होतोय की नाही हे बघायला ‘व्हीएमस्टॅट १’ लावून एसआय आणि एसओ हे रकाने पाहा: स्वॅपमधून, म्हणजे रॅमला पूरक अशा डिस्कवरच्या जागेतून, येणारी आणि तिथे जाणारी मेमरी. स्वॅपमध्ये दोन जीबी पडून आहेत आणि दोन्ही रकाने शून्यावर आहेत, तर काही बिघडलेलं नाही. दोन्ही सतत हलत असतील तर टंचाई खरी आहे. त्याहून चांगलं साधन म्हणजे /प्रोक/प्रेशर/मेमरी. कर्नल ४.२० पासून ही फाइल आहे, काही वितरणांत बूटच्या वेळी पीएसआय=१ द्यावं लागतं. मेमरीसाठी प्रोसेसेस किती टक्के वेळ अडून बसल्या, ते ती सरळ सांगते. ‘फुल’च्या ओळीत अ‍ॅव्हरेज६० (गेल्या ६० सेकंदांची सरासरी) रात्रभर शून्याच्या आसपास असेल तर मी त्या सर्व्हरच्या मेमरीकडे बघत नाही, आलेख कितीही लाल असो.

ड्रॉप_कॅशेसचा क्रॉन

वारशाने मिळालेल्या सर्व्हरवर हमखास एक ओळ सापडते: दर तासाला सिंक करून /प्रोक/सिस/व्हीएम/ड्रॉप_कॅशेसमध्ये ३ लिहिणारी. १ लिहिलं तर पेज कॅशे जाते, २ लिहिलं तर डेंट्री-आयनोडसारखा (फाइलींच्या नावांच्या आणि माहितीच्या नोंदींचा) स्लॅब, आणि ३ म्हणजे दोन्ही. यात डेटा जात नाही, कारण डर्टी पानांना हात लागत नाही. पण गरम आणि थंड असा भेद न करता सगळी स्वच्छ कॅशे जाते, आणि पुढची काही मिनिटं डेटाबेससकट सगळे डिस्ककडे धावतात. आलेख सुंदर दिसतो, सेवा मंदावते. ही सोय चाचणी आणि मोजमापासाठी आहे. निदानासाठी एकदा वापरायला हरकत नाही: बॅकअपनंतर एकदा चालवा आणि जे उरलं ते बघा. उरलेलं बरंच असेल तर खालचे विभाग तुमच्यासाठी आहेत. क्रॉनमधली ओळ मात्र काढून टाका.

लाखो लहान फाइली असतील तर

मेल सर्व्हर, अपलोड केलेल्या चित्रांचं भांडार, पीएचपीच्या सेशन फाइली. इथे फाइलींचा आकार नाही, संख्या भारी पडते. बॅकअपने नुसतं फाइलीचं नाव आणि तारीख तपासली तरी कर्नल तिच्यासाठी एक डेंट्री आणि एक आयनोड स्लॅबमध्ये ठेवतो. ईएक्सटी४ या फाइल सिस्टमवर डेंट्री साधारण १९२ बाइट आणि आयनोड एक केबीच्या थोडा वर. एका फाइलीमागे सव्वा केबी धरा. ५० लाख फाइलींच्या झाडावरून आरसिंक (फाइली कॉपी करणारं साधन) फिरून आला की सहा जीबीच्या आसपास स्लॅब होतो, एकही फाइल कॉपी झाली नसली तरी.

‘स्लॅबटॉप -ओ -एस सी’ रूट म्हणून चालवा. वरती डेंट्री आणि ईएक्सटी४_आयनोड_कॅशे किंवा एक्सएफएस_आयनोड दिसले तर हेच कारण. मेमइन्फोमधली एसरिक्लेमेबल ही ओळ त्याचाच आकडा आहे, आणि हा स्लॅबही मागणी आली की मोकळा होतो. फक्त तो पेज कॅशेइतक्या चटकन सुटत नाही, कारण वस्तू स्लॅबच्या पानांत विखुरलेल्या असतात आणि एका जिवंत वस्तूमुळे अख्खं पान अडून राहतं. त्याचा खरोखर त्रास होत असेल तर व्हीएम.व्हीएफएस_कॅशे_प्रेशर १०० वरून २०० करून बघा. हा आकडा कधीही शून्य करू नका. शून्य म्हणजे कर्नल डेंट्री-आयनोड सोडतच नाही आणि शेवट ओओएममध्ये होतो.

कॅशेच्या आकड्यात लपलेला डंप

हा प्रकार सगळ्यात फसवा आहे, म्हणून जरा सविस्तर. आता हे आकडे बघा:

टोटल १५८८४, यूज्ड ४१५०, फ्री २९०, शेअर्ड ६९००, बफ/कॅशे ११४४४, अव्हेलेबल ४५१०

बफ/कॅशे आधीच्या उदाहरणाएवढीच आहे, पण अव्हेलेबल निम्म्याहून कमी. फरक शेअर्डच्या रकान्यात आहे. टीएमपीएफएसवर लिहिलेली फाइल मेमइन्फोमध्ये कॅश्डच्या आकड्यात धरली जाते, आणि ती सोडून देता येत नाही, कारण तिची डिस्कवर प्रतच नसते. ड्रॉप_कॅशेस तिच्यावर काही करू शकत नाही. कर्नल फार तर ती स्वॅपमध्ये ढकलेल.

हे घडतं असं: स्क्रिप्ट आधी /टीएमपीमध्ये डंप बनवते, मग तो दाबते, मग दूर पाठवते. स्क्रिप्ट लिहिली तेव्हा /टीएमपी डिस्कवर होता. मग ओएस बदलली. फेडोरात /टीएमपी बऱ्याच वर्षांपासून टीएमपीएफएसवर आहे, डेबियननेही २०२५ च्या आवृत्ती १३ पासून तेच केलं. टीएमपीएफएसचा आकार सांगितला नाही तर तो रॅमच्या निम्म्यापर्यंत वाढू शकतो. म्हणजे सात जीबीचा डंप १६ जीबीच्या मशीनवर कुठलीही चूक न दाखवता रॅममध्ये जाऊन बसतो. ‘डीएफ -एच -टी’ चालवून /टीएमपी आणि /डेव्ह/एसएचएम कशावर आहेत ते बघा. उपाय सोपा आहे: स्क्रिप्टमध्ये टीएमपीडीआयआर हे व्हेरिएबल डिस्कवरच्या फोल्डरकडे वळवा, /व्हार/टीएमपी चालतं. त्याहून चांगलं म्हणजे मधली फाइलच नको: डंप पाइपमधून थेट कॉम्प्रेसरकडे आणि तिथून पुढे.

अर्धवट पडलेल्या बॅकअपचे जुने डंपही तिथेच सापडतात. स्क्रिप्ट मेली, फाइल राहिली, रॅम अडकली, रीस्टार्टने मोकळी झाली. ‘रीस्टार्ट केलं की बरं होतं’ या समजुतीमागे कधीकधी एवढंच असतं. म्हणून स्क्रिप्टमध्ये ट्रॅप लावून बाहेर पडताना तात्पुरत्या फाइली पुसायची सोय हवी.

झेडएफएस या फाइल सिस्टमवर याच्या उलट घडतं. त्याची एआरसी नावाची स्वतःची कॅशे ‘फ्री’च्या बफ/कॅशेत येत नाही, यूज्डमध्ये येते. कुठल्याच प्रोसेसच्या नावावर नसलेले २० जीबी यूज्ड दिसले आणि मशीनवर झेडएफएस असेल, तर आधी ‘एआरसी_समरी’ चालवा. मर्यादा घालायची तर झेडएफएस_एआरसी_मॅक्स.

बॅकअपचं ठिकाण संथ असेल तर

वाचणारी डिस्क वेगवान, लिहिण्याचं ठिकाण यूएसबी डिस्क किंवा दमलेला नॅस (नेटवर्कवरचं फाइल साठवणीचं यंत्र). बॅकअप धडाधड लिहितो, कर्नल ते रॅममध्ये घेतो आणि लिहिलं म्हणून सांगतो. ही डर्टी पानं डिस्कवर गेल्याशिवाय सोडता येत नाहीत. व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_रेशो मुळात १० असतो आणि व्हीएम.डर्टी_रेशो २०, म्हणजे उपलब्ध मेमरीचे टक्के. ६४ जीबीच्या मशीनवर २० टक्के म्हणजे १२ जीबी. समोरचं ठिकाण सेकंदाला ३० एमबी घेत असेल तर तेवढं उतरवायला जवळजवळ सात मिनिटं. त्या सात मिनिटांत लिहू पाहणाऱ्या इतर प्रोसेसेसही रोखल्या जाऊ शकतात, आणि लोकांना ते ‘सर्व्हर लटकला’ असं दिसतं.

मेमइन्फोमधल्या डर्टी आणि राइटबॅक या दोन ओळींवर ‘वॉच’ लावून बसा. त्या जीबींमध्ये जात असतील तर टक्क्यांऐवजी बाइटमध्ये मर्यादा द्या: व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स = २६८४३५४५६, म्हणजे २५६ एमबी, आणि व्हीएम.डर्टी_बाइट्स = १०७३७४१८२४, म्हणजे एक जीबी. बाइटचा आकडा दिला की त्याच्या जोडीचा रेशो आपोआप शून्य दिसू लागतो, ते बरोबर आहे. बॅकअपचा एकूण वेळ यामुळे फारसा वाढत नाही, कारण वेग तसाही त्या संथ डिस्कच्याच हातात होता.

आता खऱ्या मेमरीकडे

वरचं सगळं वगळून अव्हेलेबल घसरत असेल तर कोणत्या तरी प्रोसेसने मेमरी घेतली आहे. कोणी घेतली हे अंदाजाने ठरवू नका. बॅकअपची कमांड ‘/यूएसआर/बिन/टाइम -व्ही’ने चालवा, शेवटी ‘मॅक्सिमम रेसिडेंट सेट साइझ’ अशी ओळ केबीत येते. पूर्ण पत्ता द्यायचा, कारण नुसतं ‘टाइम’ म्हटलं तर बॅश स्वतःचं वापरतं आणि त्यात हा आकडा नसतो. हा आकडा पोटातल्या प्रोसेसेसपैकी सर्वात मोठीचा असतो, बेरीज नसते. त्यामुळे पाइप असेल तर प्रत्येक टप्प्याला वेगळा टाइम लावा.

आरसिंकबद्दल जुनी भीती अजून फिरते. २००८ मध्ये ३.०.० येईपर्यंत तो सगळ्या फाइलींची यादी आधी मेमरीत बनवायचा, फाइलीमागे शंभरेक बाइट. ३.०.० पासून यादी तुकड्यातुकड्याने बनते. पण --डिलीट-बिफोर, --डिलीट-आफ्टर, --डिले-अपडेट्स किंवा --प्रून-एम्प्टी-डर्स यांपैकी काही दिलं की तो पुन्हा पूर्ण यादीकडे वळतो. बहुतेकांना नुसतं --डिलीट पुरतं. -एच दिलं की हार्डलिंक (एकाच फाइलीची वेगवेगळी नावं) लक्षात ठेवण्याचा भार वेगळा. हार्डलिंकवर चालणारे जुने स्नॅपशॉट एकत्र दुसरीकडे हलवताना तो भार जाणवतो.

मायएसक्यूएलडंप मुळात --क्विक घेऊनच चालतो, म्हणजे ओळी येतील तशा पुढे पाठवतो. पण कुठल्यातरी जुन्या स्क्रिप्टमधून --स्किप-ऑप्ट उचललं असेल तर --क्विकही जातं आणि अख्खं टेबल डंपच्या प्रोसेसमध्ये मावेपर्यंत मेमरी चढते. --स्किप-ऑप्ट हवंच असेल तर पुढे --क्विक लिहा. दुसरीकडे, डंप चालू असताना खुद्द मायएसक्यूएलडीची (डेटाबेस सर्व्हरच्या प्रोसेसची) मेमरी वाढताना दिसली तर घाबरू नका: रीस्टार्टनंतर रिकामा असलेला बफर पूल (डेटाबेसची स्वतःची कॅशे) पहिल्या मोठ्या वाचनात भरतो आणि ठरवून दिलेल्या आकारापाशी थांबतो. तो आकार मशीनला झेपणारा आहे का, हा प्रश्न बॅकअपचा नाही, कॉन्फिगरेशनचा आहे.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘टॉप’चा आरईएस रकाना दिशाभूल करतो. प्रत्येक बॅकएंडच्या (एका जोडणीमागच्या प्रोसेसच्या) खात्यात तीच शेअर्ड_बफर्सची (सामाईक कॅशेची) पानं पुन्हा पुन्हा मोजली जातात. ४० प्रोसेसेसची बेरीज केली तर रॅमपेक्षा मोठी येते. पीएसएस (सामाईक पानं वाटून धरणारा आकडा) बघा, /प्रोक/पीआयडी/स्मॅप्स_रोलअपमध्ये तो मिळतो. पीजी_डंप स्वतः सहसा हलका असतो. अपवाद लार्ज ऑब्जेक्टचा (डेटाबेसमध्ये वेगळ्या साठवलेल्या मोठ्या मजकुराचा): १७ च्या आधीच्या आवृत्त्या प्रत्येक ऑब्जेक्टची वेगळी नोंद मेमरीत ठेवायच्या, आणि अशी कोट्यवधी ऑब्जेक्ट असतील तर पीजी_डंपच ओओएमला बळी पडतो. १७ मध्ये त्या नोंदी गटाने होतात.

माझ्या अनुभवात संशय सर्वात उशिरा जातो तो कॉम्प्रेसरवर. जीझिप काहीशे केबींत काम भागवतो. एक्सझेड -६ ला ९४ एमबी लागतात, -९ ला ६७४ एमबी, आणि अनेक थ्रेड दिले की हे प्रत्येक थ्रेडला लागतं. आठ थ्रेडवर -९ म्हणजे पाच जीबीच्या वर, ब्लॉकचे बफर वेगळेच. ५.६ पासून एक्सझेड न सांगताच अनेक थ्रेड वापरतो. -टी२ देऊन थ्रेड बांधा, --मेमलिमिट-कॉम्प्रेस देऊन मेमरी बांधा, किंवा सरळ झेडएसटीडीकडे जा. झेडएसटीडीतही --लाँग=३१ दिलं की खिडकी, म्हणजे मागचा डेटा लक्षात ठेवायची जागा, दोन जीबीची होते, आणि रिस्टोर करणाऱ्या मशीनलाही तेवढीच लागते. संकटाच्या दिवशी हाताशी छोटंच मशीन असेल, हे धरून पातळी निवडा.

रेस्टिक, बोर्ग अशी डुप्लिकेट तुकडे गाळणारी साधनं तुकड्यांची अनुक्रमणिका मेमरीत ठेवतात. रेपॉझिटरी जितकी जुनी आणि मोठी, तितकी मेमरी जास्त. म्हणून सहा महिने बिनबोभाट चाललेला बॅकअप हळूहळू जड होत जातो आणि कोणीच काही बदललेलं नसतं. प्रूनचं (जुने बॅकअप छाटण्याचं) काम त्या सर्व्हरवर न करता रेपॉझिटरीजवळच्या दुसऱ्या मशीनवर केलं की बराच भार कमी होतो.

कुंपण घाला

‘नाइस’ आणि ‘आयोनाइस’ लावून मेमरीचा प्रश्न सुटत नाही. ती सीपीयू आणि डिस्कची पाळी ठरवतात. मेमरीसाठी सीग्रुप (प्रोसेसेसच्या गटाला मर्यादा घालणारी कर्नलची सोय) हवा. सिस्टमडीच्या (लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेच्या) सर्व्हिस फाइलीत मेमरीहाय=१जी आणि मेमरीमॅक्स=३जी अशा दोन ओळी लिहिल्या, किंवा तात्पुरतं ‘सिस्टमडी-रन --स्कोप -पी मेमरीहाय=१जी’ पुढे कमांड दिली, की बॅकअपच्या प्रोसेसेस त्या कुंपणात राहतात. सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीत बॅकअपने वाचलेल्या फाइलींची कॅशेही त्याच्याच खात्यावर पडते, हा यातला खरा फायदा. बॅकअप स्वतःचीच जुनी पानं सोडून नवी वाचत राहतो, बाकीच्यांच्या कॅशेला धक्का लागत नाही. हायची मर्यादा ओलांडली की कर्नल वेग कमी करतो, मॅक्स ओलांडली आणि सोडण्यासारखं काही उरलं नाही तरच मारतो. हायचा आकडा ‘टाइम -व्ही’ने मोजलेल्या मेमरीपेक्षा थोडा वर ठेवा, नाहीतर बॅकअप रात्रभर रांगेल.

सीग्रुप शक्य नसेल तर ‘नोकॅशे’ नावाचं छोटं साधन कमांडच्या आधी लावता येतं. वाचून झालेली पानं नको असल्याचं ते कर्नलला कळवत जातं.

ओओएम किलरचं काय? तो साधारणपणे सर्वात जास्त मेमरी घेतलेली प्रोसेस निवडतो. डेटाबेस सर्व्हरवर ती अर्थातच डेटाबेसची असते. मेमरी खाल्ली कॉम्प्रेसरने आणि गेला डेटाबेस: चोर सोडून संन्याशाला फाशी. ‘जर्नलसीटीएल -के’मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. त्या ओळीच्या वरती कर्नलने त्या क्षणीची सगळ्या प्रोसेसेसची यादी छापलेली असते, मारल्या गेलेल्या नावापेक्षा ती यादी महत्त्वाची. बॅकअपच्या सर्व्हिसला ओओएमस्कोरअ‍ॅडजस्ट=५०० दिलं की पहिला नंबर त्याचा लागतो. बॅकअप पुन्हा घेता येतो.

कंटेनरमध्ये बॅकअप चालत असेल तर तिथल्या मेमरी.करंटमध्ये फाइलींची कॅशेही मोजली जाते, तेव्हा मेमरी.स्टॅटमधल्या ॲनॉन आणि फाइल या ओळी वेगळ्या करून बघा. कंटेनर सांभाळणाऱ्या कुबर्नेटीसचा वर्किंग सेट (वापरातल्या मेमरीचा आकडा) निष्क्रिय फाइलींची पानं वजा करतो, सक्रिय पानं करत नाही. म्हणून दोनदा वाचणारा बॅकअप तिथे अवाच्या सवा मोठा दिसतो.

दोन उरलेल्या शक्यता

पहिली साधी आहे. कालचा बॅकअप संपायच्या आत आजचा सुरू होतो. डेटा वाढत गेला, वेळ २२ तासांवरून २५ वर गेली, आणि क्रॉनला त्याचं सोयरसुतक नाही. तीन आरसिंक एकाच झाडावर फिरताना ‘पीएस’मध्ये दिसतील. क्रॉनच्या ओळीत ‘एफलॉक -एन’ लावा किंवा सिस्टमडी टायमर वापरा, तो चालू असलेली सर्व्हिस दुसऱ्यांदा सुरू करत नाही. एकाच होस्टवरच्या व्हर्च्युअल मशीनांचे बॅकअप एकाच मिनिटाला सुरू होत असतील तर टायमरमध्ये रँडमाइझ्डडिलेसेक देऊन ते विखरा.

दुसरी क्वचित आढळते, पण आढळली की डोकं खाते. मेमइन्फोमधली एसअनरिक्लेम ही ओळ रोज बॅकअपनंतर थोडी वर जाते आणि खाली कधीच येत नाही. प्रोसेसेसच्या यादीत काही दिसत नाही, ड्रॉप_कॅशेसने काही फरक पडत नाही. ही कर्नलमधली गळती असते, आणि बॅकअपशी तिचा संबंध असेल तर संशयित बहुतेक वेळा बॅकअप एजंटने बसवलेलं, बदललेले ब्लॉक टिपणारं कर्नल मॉड्यूल किंवा नेटवर्क फाइल सिस्टमचा ड्रायव्हर. ‘एलएसमॉड’मध्ये वितरणाबाहेरची मॉड्यूलं शोधा, आठवडाभर रोज बॅकअपच्या आधी आणि नंतर स्लॅबटॉपची नोंद घ्या, आणि वाढणाऱ्या स्लॅबचं नाव, कर्नलची आवृत्ती आणि मॉड्यूलची आवृत्ती तिन्ही पुरवठादाराला पाठवा. नवी आवृत्ती येईपर्यंत तो एजंट ब्लॉकऐवजी फाइल पातळीवर चालवता येतो का ते बघा. तोवर ठरलेल्या दिवशी, कमी वर्दळीच्या वेळी रीस्टार्ट करणं इथे तरी रास्त आहे.